वाऱ्याची पानं

मे महिन्यात अमरावतीत पंखा बंद करून बसणारी बाई एकतर डोक्यानं गेलेली असते, नाहीतर रेकॉर्डिंग करत असते. मी दुसऱ्या प्रकारातली. आमच्या घरात मागच्या बाजूला गाद्या-रजया ठेवायची एक खोली आहे. तिला खिडकी नाही. दार लोटलं की रस्त्यावरचे भोंगे, शेजारचा मिक्सर, सगळं बाहेर राहतं. पंखा चालू ठेवला तर आवाजात घरघर येते, म्हणून तोही बंद. अशा खोलीत पाटावर बसून, मोबाईल गादीच्या घडीला टेकवून मी रोज अकरा वाजता वाऱ्याबद्दल वाचत असे. तिकडे कुठल्या तरी डोंगरमाथ्यावर वादळ सुटलंय, माणसं छप्पर धरून उभी आहेत, आणि इकडे माझ्या हनुवटीवरून घाम टपकून पानावर पडतोय. पुस्तक वाचनालयाचं, म्हणून पदरानं लगेच टिपायचं.

हे सगळं अकोल्याच्या माझ्या दादासाठी चाललं होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सरकारी मोजणीदार होता. पस्तीस वर्षं त्यानं वऱ्हाडातली शेतं मोजली. उन्हातान्हात, काळ्या ढेकळांतून चालत, डोक्याला उपरणं गुंडाळून. घरात दोन दिवस बसला की त्याचे पाय दुखायचे, आणि त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे नेले. मग तो मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला गेला आणि त्या जिन्यावरून एकदा वर चढला तो परत उतरलाच नाही. आंधळ्यांची पांढरी काठी आणून दिली, ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट दारामागे उभी राहिली. फोनवर बोलायचा तेही तोलून-मापून. जेवण अर्ध्यावर आलंय, असं सून सांगायची.

मी जाऊ शकत नव्हते. आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कोर्टात तासन्‌तास बोलणारा वकील माणूस, आता दोनच शब्द उरलेत, 'हो' आणि 'इकडे'. पाणी हवं तरी इकडे, कुलरचं तोंड फिरवायचं तरी इकडे, काहीच नको असलं तरी इकडे. सकाळी अंघोळ घालायला एक मावशी येतात, त्या गेल्या की दिवसभर मी आणि ते. मुलगी दूर, तिच्या व्यापात. शाळेतली नोकरी मी मुदतीआधी सोडली. कोपऱ्यावर भाजीला गेले तरी तो शब्द कानात वाजत राहायचा. खोटं कशाला सांगू, कधी कधी तो ऐकला की हातातलं ताट आपटावंसं वाटे. एकदा आपटलंही. मग मीच खाली बसून भात गोळा केला.

अकोला काही लांब नाही, एसटीनं अडीच तास. पण ते अडीच तास मला दोन वर्षांत सापडले नव्हते. म्हणून मी ठरवलं, आपण जाऊ शकत नाही तर आवाज पाठवू. मला एकच करायचं होतं, दादाला त्या जिन्यावरून खाली उतरवायचं होतं.

मी जन्माची मास्तरीण. माणूस सुधारतो यावर माझा विश्वास, आणि पुस्तकानं सुधारतो यावर तर फारच. वाचनालयात जाऊन मी पुस्तकांच्या पाठी वाचू लागले. जिथे 'मानवी जिद्दीची कहाणी' असं छापलेलं दिसेल ते उचलायचं. वाऱ्याशी झुंजणारी, वाळवंटात विहीर खणणारी, पुरात वाहून गेलेलं गाव पुन्हा वसवणारी माणसं. बहुतेक भाषांतरं. वाचनालयातल्या बाई इतक्या तयार झाल्या की मी दारात दिसले की म्हणायच्या, "मॅडम, वाऱ्याचं एक आलं पाहा." मी त्यातलं वीस-वीस मिनिटांचं वाचून मोबाईलवर दादाला पाठवायची. त्यानं लावलं की माझ्याकडे खूण निळी व्हायची. ती निळी झाली की मला शाळेत वही तपासून झाल्यासारखं वाटे.

त्या मे महिन्यात एका डोंगरावरच्या गावाची कादंबरी चालू होती. तिच्यात एक धनगर पहाटे मेंढ्या घेऊन घरून निघतो आणि खिंडीपर्यंत पोचायला लेखकाला नऊ पानं लागतात. नऊ पानं नुसता वारा. गवत कसं झोपतं, दगडांच्या फटीतून कसा आवाज येतो, पाऊल टाकताना अंग कुठल्या बाजूला कलतं. त्या दिवशी खोलीत माझा जीव इतका घाबरा झाला की मी त्यातली सात पानं गाळली. शाळेतही मी तेच करायचे. वर्णन काही परीक्षेला येत नाही.

दुपारी दादाचा फोन आला. एरवी तो स्वतःहून फोन करायचा नाही.

"बाई, तू पानं गाळून राहिली."

"तुले कोनं सांगतलं?"

"तो माणूस घरून निघाला अन् लगेच खिंडीत पोचला. मधातली वाट कुठी गेली?"

"वाट काय दादा, नुसता वारा होता."

"तोच तर पाह्यजे मले. गोष्ट राहू दे. वारा वाच."

मी चिडले. "तुले वारा पाह्यजे, अन् मी इथं पंखा बंद करून घामानं भिजून राहिली."

"मंग भिज," तो म्हणाला. "मी पस्तीस वर्षं भिजलो."

कितीतरी महिन्यांनी तो असा बोलला होता, म्हणून मला राग आला तरी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ती सात पानं वाचली. आधी त्याच्यावर उपकार केल्यासारखी, मग हळूहळू, मग फारच सावकाश. मधे लोटलेल्या दारातून दोनदा 'इकडे' ऐकू आलं. मी उठले नाही. ऐकू आलं नाही असं नव्हतं. ऐकू आलं आणि मी पुढची ओळ वाचली. बाहेर आले तर ह्यांच्या हातून पेला पडला होता आणि ओल्या सदऱ्यानं ते तसेच बसून होते. मला वाईट वाटलं. जितकं वाटायला हवं होतं तितकं मात्र नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर मी एकही पान गाळलं नाही. दर आठवड्याला फोनवर विचारायची, "दादा, खाली उतरला का?" पावसाळा संपता संपता एकदा तो म्हणाला, "उतरलो. गेटपर्यंत गेलो." मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, "हो." वाचनालयातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी आणखी दोन वाऱ्याची पुस्तकं काढून दिली. थंडीत दादाची मजल वाढली. आज वॉचमनच्या खुर्चीवर बसलो. आज गेटसमोरच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो, झुळूक मस्त येते तिथं. मी फुशारून गेले. माझी घुसमट वाया जात नाहीये, असं मी स्वतःला रोज बजावायची. दहा महिने मी अशी वाचत राहिले.

मार्चमध्ये अचलपूरची माझी नणंद एका दिवसासाठी आली. आल्या आल्या तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तोंड पाह्य आरशात. जाय अकोल्याले. आजच्या दिवस मी पाहतो माझ्या भावाले." मी आठच्या एसटीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली. मूर्तिजापूरपर्यंत गरम झळा तोंडावर घेत गेले, पदर सुद्धा ओढला नाही. पिशवीत नवं पुस्तक होतं. दादाला हाताला धरून त्या कडुनिंबाखाली न्यायचं आणि तिथं बसून वाचून दाखवायचं, असा माझा बेत होता.

सुनेनं दार उघडलं. दारामागे काठी होती. प्लास्टिक तसंच, वर धूळ.

दादा आतल्या खोलीत झोपला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन सुनेला हळूच विचारलं, "काहून वं, दादा खाली जाते तवा काठी नेत नाही का?"

"खाली?" ती पोळी लाटता लाटता थांबली. "आत्याबाई, बाबा कुठी जातात खाली? गॅलरीचं दारबी उघडू देत नाहीत."

"कडुनिंबापाशी बसते म्हणे."

"तो कडुनिंब तं दिवाळीच्या आधीच तोडला, रस्त्यात येते म्हणून." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"अन् मी वाचलेलं? ते तरी ऐकते ना?"

तिला सांगायचं नव्हतं. "लावतात ना. रोज लावतात," ती म्हणाली. "लावतात अन् मोबाईल उशीखाली सारून देतात."

मी त्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तो जागा होता. माझी चाहूल त्यानं आधीच ओळखली होती.

"दादा, तू खोटं बोलला माह्यासंगं."

"कोणतं सापडलं?" त्यानं विचारलं.

"सगळंच."

तो उठून बसला. खाटेची कड हातानं चाचपून धरली. मग बोलला, "पयली दोन-तीन पुस्तकं मनापासून ऐकली. तो खिंडीवाला वारा तं मी चारदा ऐकला. मंग नाही सहन झालं. त्या पुस्तकातला माणूस पडते अन् उठते. दर पुस्तकात उठते. मले नाही उठाचं, बाई. कोण कुठी कसं उठलं, हे मले ऐकाचंच नाही."

"मंग सांगाचं होतं ना! दहा महिने मी काहून घसा कोरडा केला?"

"सांगतलं असतं तं तू वाचनं बंद केलं असतं."

"मंग? तुह्यं काय गेलं असतं त्यात?"

"माह्यं नाही." त्याचे डोळे माझ्या खांद्याच्या थोडे बाजूला लागले होते. "सुरुवातीची तुही रेकॉर्डिंगं आठव. दर दोन मिनिटाले जावईबापू इकडे म्हणत अन् तू 'आले' म्हणून उठे. आवाज असा, कोनं गळा धरल्यावानी. तो खिंडीचा वारा वाचला ना, त्या दिवशी ते दोनदा बोलले. तू उठली नाही. म्या म्हटलं, चला, एवढ्या दिवसातून बाई एका जागी बसली. म्हणून म्हणत गेलो, वाच, वाच."

जी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती ती त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मला शरम वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. मी समजत होते की मी त्याला ओढून बाहेर काढतेय. आणि हा तिकडे उशीखाली माझा आवाज दाबून, मला वीस मिनिटं मोकळी देत बसला होता.

"अन् खाली उतरलो म्हणे, ते कायले?"

"तुले खुश कराले तेवढंच राह्यलं होतं माह्यापाशी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू कशी आहे?"

हा प्रश्न तो दर फोनवर विचारायचा आणि मी दर वेळी 'मस्त' म्हणायची. त्याच्या कडुनिंबाइतकंच ते खरं होतं. तोंडात तोच शब्द आला होता. पण मी खाटेवर त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मले नाही जमून राह्यलं, दादा. कोंडल्यासारखं होते. कधी कधी वाटते, ह्यांनी मले हाक मारूच नये. कधीच मारू नये." बोलून झाल्यावर मला रडू फुटलं. मी तोंडावर पदर घेतला आणि मग लक्षात आलं की याला तर दिसत नाही, तेव्हा सरळ रडले.

असं बोलू नये, असं तो म्हणाला नाही. होईल सगळं ठीक, असंही म्हणाला नाही. "हं," म्हणाला. मग म्हणाला, "मलेबी सकाळी वाटते, जागच येऊ नये." सून चहा घेऊन आली, ठेवून निघून गेली. आम्ही तो चहा प्यायलो. बाहेर ऊन रटरटत होतं आणि गॅलरीचं दार बंद होतं. दोघांपैकी कुणीच ते उघडायला उठलं नाही. लहानपणी आम्ही इतका वेळ न भांडता एका खाटेवर कधी बसलो नव्हतो.

तीनच्या सुमाराला नणंदेचा फोन आला. "वहिनी, सकाळपासून इकडे इकडे करून राह्यला हा. मी गेली की मान हलवते. तूच पाह्यजे त्याले." मी म्हटलं, येते. चारची गाडी होती. पिशवी उचलली. त्यातलं पुस्तक मी बाहेर काढलंच नव्हतं.

दादा भिंतीला हात लावत दारापर्यंत आला. तिथे काठी उभी होती, तिच्याकडे माझा हात गेला आणि मी तो मागे घेतला.

"रोज अकराले फोन कर," तो म्हणाला. "वाचू नको. मी नुसता धरून बसतो."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरायला लागले. खाली चल, असं मी त्याला म्हटलं नाही. मी गेटपाशी पोचले तरी वरचं दार लागल्याचा आवाज आला नव्हता.