शेवटी येणाऱ्याला जागा नाही

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत. विचार करायचा म्हटलं की तिच्याने एका जागी बसवत नसे. खिडकी ते पाण्याचं पिंप, पिंप ते खिडकी अशा येरझाऱ्या सुरू. त्या दिवशी तर जेवणाचा डबासुद्धा तिने चालता चालताच संपवला.

त्यांचा प्रोग्राम हॉस्पिटलच्या वॉर्डातली सगळी यंत्रं एका पडद्यावर दाखवायचा. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी, म्हणून ती समजून घेणारा कोडचा तुकडा, म्हणजे लायब्ररी, प्रत्येकाची वेगळी. प्रोग्राम सुरू झाला की एका यादीबरहुकूम त्या एकामागून एक लोड व्हायच्या. सलाइनच्या पंपाची लायब्ररी भिंगरीने लिहिली होती. तिची थोरली बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स. पंपाचे आकडे बघायला दर वेळी खाटेपर्यंत जावं लागायचं. घरी आली की ती पाय चोळत विचारायची, "काय गं, तुझा पंप पडद्यावर कधी येणार? मी रिटायर झाल्यावर?"

पंपाचा नंबर यादीत शेवटचा, आणि नेमका तिथेच प्रोग्राम कोसळत होता. म्हणे, जागा नाही! मशीनमध्ये मेमरी तर ओस पडली होती. मॅनेजरबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "चारला चाचणीच्या यादीत जे लाल दिसेल ते हॉस्पिटलला जाणाऱ्या या खेपेतून गळेल. पुढची खेप सहा महिन्यांनी."

तिने फाइलचा पत्ता तपासला, आवृत्ती तपासली. एकटीच लोड केली तर लायब्ररी गुणी बाळासारखी चालली. बाकीच्या निम्म्या काढल्या, तरी चालली. सगळ्या एकत्र आल्या की पुन्हा रुसली. शेवटी वैतागून तिने पंपाचं नाव यादीत सगळ्यात वर नेलं. हिरवं! तिने टाळीच वाजवली.

तेवढ्यात पलीकडून दादांचा आवाज आला, "अरेच्चा, माझं का आडवं झालं?"

दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख त्यांचा. आता यादीत शेवटचा नंबर त्यांचा होता.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रोग्राम सुरू होतानाच एक छोटा कोनाडा राखून ठेवतो, आणि काही लायब्रऱ्या आल्या आल्या त्याच कोनाड्यात सामान ठेवायचा हट्ट धरतात. तो भरला की भरला. मग बाहेर मैदान मोकळं असून उपयोग नाही. म्हणजे चारपर्यंत गप्प बसलं की झालं. पंप जाईल, दादांचं गळेल, आणि दादा स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसतील.

ती पिंपापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तरातरा दादांच्या टेबलाशी आली.

"दादा, तुमचं मी पाडलंय. मी रांगेत पुढे घुसले."

"वा! आणि वर टाळ्या?"

तिने यादी पूर्ववत केली. दोघांनी मिळून कोण किती जागा मागतं ते पाहिलं. निम्मा कोनाडा दादांच्याच आलेखाच्या तक्त्याने अडवला होता.

"तक्ता बाहेर ठेवू या ना. कोनाड्यात नुसता त्याचा पत्ता."

"इतकी वर्षं बिनतक्रार चालतंय ते!"

"चालतंय, कारण मी आले नव्हते."

दादांचे कान लाल झाले. "आणि घाईत हात लावून माझंच बिघडलं तर? हृदयाचा आलेख आहे हा, खेळ नाही."

"मग नको," ती म्हणाली. "राहू दे माझं लाल." आणि वळली.

"कुठे चाललीस? बस इथे. तुझ्या फिरण्याने मला गरगरतं."

चारला मॅनेजरबाई आल्या तेव्हा सगळी यादी हिरवी होती. दादा मात्र मान हलवत म्हणाले, "बाई, माझं घाईत लिहिलंय. तपासायला वेळ द्या."

"साडेपाच. नाहीतर दोन्ही गळतील."

दोघांनी ठोक्यांच्या जुन्या नोंदी एकेक करून नव्या कोडमधून सोडल्या आणि आलेख जुन्या आलेखाशी ताडून पाहिला. रेघ वर जायची, खाली यायची. भिंगरीचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. शेवटची नोंद जुळली तसे दादा खुर्ची सरकवून उठले आणि त्यांनी बाईंना हाक मारली.

भिंगरीने पहिली नोंद पुन्हा लावली होती.

"आता काय गं?"

"एकदाच, दादा. फक्त एकदाच."