सहाव्या भागाचा पहिला नंबर

"राजकारण नको, कविता ढीगभर आल्यात, तरुण पोरं वाचतील असं काहीतरी हलकंफुलकं दे," आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला फोनवर म्हणाले. ते बँकेच्या नोकरीनिमित्त इथं जपानात, इचिकावात राहतात आणि आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. मी म्हटलं, मुखवटेवाल्या खुन्याचे ते सिनेमे आहेत ना, वर्षानुवर्षं भाग येतच राहतात, त्यांना क्रमांक लावते. शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, कारणांसकट.

"दिवाळीला खून?" काका म्हणाले. मग, "बरं. पण रक्त कमी."

सिनेमे मिळवण्याची अडचण नव्हती. ओजिमाला आमच्या स्टेशनजवळ डीव्हीडी भाड्यानं देणारं एक दुकान अजून तग धरून आहे, तिथं सगळी मालिका ओळीनं लावलेली होती. खोक्यांच्या पाठीवर मोठे आकडे, एक ते नऊ. दर शनिवारी दुपारी मी दोन खोकी उचलायचे आणि आमच्याच इमारतीतल्या ताईकडं जायचे. ताई पुण्यात बँकेत अधिकारी होती. नवऱ्याच्या कंत्राटी नोकरीमागून इथं आली आणि आता कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काउंटर सांभाळते. तिला भयपट मनापासून आवडतात. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला की ती पडदे ओढून, चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची.

तिचं माप सरळ होतं. किती वेळा उशी तोंडावर घेतली, तेवढे गुण. माझं माप वेगळं होतं आणि त्यावरून आमची दर वेळी जुंपायची. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी युनियनची पत्रकं आली. सभेहून उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं लावायला शिकले. त्यामुळं कुठंही कुणी मेलं की तो काय काम करत होता, हे मी आधी बघते. आणि या मालिकेत आधी कोण मरतं? पहिल्या भागात वॉचमन. दुसऱ्यात कँटीनचा आचारी. चौथ्यात ट्रकचालक, पाचव्यात रात्रपाळीची नर्स. पाच-दहा मिनिटांत ही माणसं संपतात आणि पुढं कुणी त्यांचं नावही काढत नाही. शेवटी श्रीमंत घरातली मुलगी वाचते, पहाट होते, संगीत वाजतं. वॉचमनच्या घरी कुणी फोन केला का? कुणीच नाही.

"अगं, फोन करत बसले तर खुनी पकडणार कधी?" ताई म्हणायची.

"शेवटी करा. पहाट झाल्यावर करा. तेव्हा तर वेळ असतो ना?"

"तुझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे युनियनच्या मीटिंगला बसणं."

सहावा भाग लावला आणि मी ताठ बसले. त्यात वसतिगृहात सफाई करणारी एक बाई मरते. पण तिथून पुढं सिनेमा तिला सोडत नाही. मुलं पळायचं थांबवतात, तिच्यावर चादर घालतात, तिचा डबा उघडून बघतात, तिच्या बहिणीला फोन लावतात. बहीण येते, आणि खुन्याला गाठते ती तीच. मुखवटेवाला त्यात नव्हताच, खुनी दुसराच होता. पण पाचव्या भागात मुखवटेवाला जळून मेला होता, म्हणून आम्हाला त्यात काही खटकलं नाही. "हा वेगळाच वाटतोय गं," एवढं ताई म्हणाली. मी म्हटलं, वेगळा नाही, शहाणा झालाय. मालिकेला अखेर लाज वाटली.

लेखाचा अर्धा भाग मी या सहाव्यावर लिहिला. पहिला क्रमांक त्याचा. ज्याला सगळं जग डोक्यावर घेतं तो मूळ, पहिला सिनेमा पाचव्या क्रमांकावर. लेख पाठवला आणि आठवडाभरानं काकांचा फोन आला.

"मी बँकवाला माणूस, तपासल्याशिवाय सही करत नाही," ते म्हणाले. "तुझा सहावा भाग या मालिकेतला नाहीच. वेगळा सिनेमा, वेगळे लोक. इथं जपानात डीव्हीडी खपावी म्हणून कंपनीनं मालिकेचं नाव आणि आकडा चिकटवला. तुझा सातवा तो खरा सहावा. एकूण आठच आहेत."

संताप कुणावर काढायचा हेच कळेना. खोकं विकणाऱ्यावर, मालिकेवर, की त्या दोन तासांवर, ज्यात मला वाटलं होतं की कुणीतरी ऐकलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," काका खुशीत होते. "उलट प्रश्न मिटला. मूळ सिनेमा पहिला कर. समितीत सगळ्यांशी बोललोय मी, एकेकट्याशी, सगळ्यांना चालतंय. तुझ्या त्या सिनेमासाठी खाली एक चौकट देतो. 'हेही पाहा' म्हणून."

"काका, पण मग माझा मुद्दा आणखी खरा ठरतो. आठही भागांत कुणी फोन केला नाही. पहिला क्रमांक द्यायचा कुणाला?"

"अगं, क्रमांक म्हटला की पहिला असतोच."

"नसतो. दुसऱ्यापासून सुरू करते. पहिली जागा रिकामी आणि का रिकामी ते लिहिते."

"लोक म्हणतील छपाईची चूक झाली."

"म्हणू द्यात."

त्यांनी सुस्कारा सोडला. समितीत सगळ्यांचं आधीच ठरलं होतं, आता पुन्हा प्रत्येकाला फोन करणं त्यांना जमणार नव्हतं. चौकट घे नाहीतर लेख राहू दे, असं ते म्हणाले. तेही इतक्या प्रेमानं की आवाज चढवायलाही जागा राहिली नाही. मी म्हटलं, राहू दे.

अंक आला. माझ्या पानांवर रांगोळ्यांचे फोटो होते. तो घेऊनच मी ताईकडं गेले. वाटलं, ही तरी माझ्या बाजूनं चिडेल. ती चिडली, पण माझ्यावर.

"चौकट देत होते ना ते? सहा ओळी, सात ओळी, काय असतील त्या. चार पोरांनी वाचल्या असत्या, एखाद्यानं तो सिनेमा आणलाही असता. आता त्या सफाईवाल्या बाईबद्दल अख्ख्या अंकात एक अक्षर नाही. मग तुझ्यात आणि त्या मुखवटेवाल्याच्या सिनेमांत फरक काय झाला?"

"तिला खाली चौकटीत बसवायचं? सगळं झाल्यावर, उरलेल्या जागेत?"

"हो. बसवायचं."

"मला ती पहिली हवी होती."

ताईनं अंक माझ्या हातातून घेतला, रांगोळ्यांची पानं चाळली आणि परत माझ्याकडं सरकवला.

"मग बस आता तो पहिला नंबर घेऊन," ती म्हणाली.