तिकिटाच्या कागदावर आलेल्या भाषा

अप्पा पाथर्डी–पुणे एस्टीवर कंडक्टर आहेत, आणि मी प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकायची हे त्या गाडीत बसणाऱ्या लोकांनी ठरवलं. निदान चार महिने तरी.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा मामाने शेवगावचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागाच नाही. आई तर मनातल्या मनात मांडव घालून मोकळी झाली होती. अप्पा मात्र म्हणाले, "एक वरीस थांबा. पोरीला कंप्युटरचं काय ते शिकू द्या. वर्षात नोकरी न्हाई लागली तर तुमी म्हनता तसं." मामा हसला, पण थांबला. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं, एक जुना लॅपटॉप आणि फुकटात बघायला मिळणारे व्हिडिओ. सुरुवात कोणत्या भाषेपासून करायची हे सांगणारं आमच्या आख्ख्या गल्लीत कुणी नव्हतं. कॉलेजात एक भाषा शिकवली होती, पण ती फळ्यावर, खडूने.

हे ठरवायचं काम मग अप्पांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. नगरच्या पुढचं सुपं गाव मागं पडलं, तिकिटं देऊन झाली, की ते गाडीत नजर फिरवायचे. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला, पुण्याच्या अलीकडे कंपन्यांच्या भागात, वाघोलीला नाहीतर खराडीला उतरणारा कुणी दिसला की त्याच्या सीटला टेकून उभे राहायचे. "साहेब, एक विचारू का? माझी मुलगी हाय..." भाषेचं नाव विसरायला होईल म्हणून ते तिकिटाच्या मशीनमधला कागद फाडून त्यावर लिहून घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की बूटसुद्धा न काढता दारातूनच चिठ्ठी पुढे करायचे.

पहिली चिठ्ठी पायथनची. "सगळीकडं हीच चालती म्हनला." मी लागले पायथनला. आठ-दहा दिवस जेमतेम झाले असतील, तर दुसरी चिठ्ठी जावाची. "बँकांचं सगळं जावात असतं म्हनला. लई मोठ्या कंपनीतला माणूस हुता गं, खिडकीत बसला हुता." जणू खिडकीत बसल्याने त्याचं वजन वाढलं होतं! मी पायथन बंद केली, जावा उघडली. मग जावास्क्रिप्ट आली. मग मोबाईलची ॲप करायची म्हणून कोटलिन. मग शिरूरला चढलेल्या एक बाई म्हणाल्या, पाया पक्का नसेल तर सगळं वाया, आधी सी करा. झालं, परत फळ्यावरची सी.

कोणतीही भाषा घ्या, पहिला प्रोग्राम तोच असतो. पडद्यावर एक ओळ उमटवायची, बहुतेक नमस्काराची. चार महिन्यांत मला पाच भाषांत नमस्कार म्हणता येत होता, आणि त्यापुढे एकाही भाषेत तोंड उघडत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तू कशाला ऐकत बसलीस? अहो, मला तरी कुठे काय कळत होतं! मोबाईलवर शोधावं तर तिथेही तेच. एक म्हणे ही शिका, दुसरा म्हणे ती आता मेली. सगळे इतक्या खात्रीने बोलायचे की आपणच मूर्ख आहोत असं वाटायचं. आणि दारात अप्पा. दिवसभर करंजी घाटात हेलकावे खाऊन आलेला माणूस चिठ्ठी पुढे करून असा काही बघायचा, की मी मुकाट्याने नवी भाषा उघडायचे.

सहावी चिठ्ठी आली त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. नाव काय होतं तेही मी वाचलं नाही. ओरडलेच. "अप्पा, तुमच्या गाडीत बसेल त्याचं ऐकून माझं वर्ष जाईल! त्यांना काय, ते वाघोलीला उतरून जातात. इथं मी बसलीय!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अप्पा चिडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मान वर न करता म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं गं पोरी? ज्याला कळतं त्याला विचारतो. मी दुसरं काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पायथन घेतली. चांगली म्हणून नव्हे, पहिली म्हणून. अप्पा म्हणाले, "बरं. आता विचारायचं बंद."

चिठ्ठ्या थांबल्या. दोन महिने मी एकाच भाषेला चिकटून राहिले आणि खरंच जमायला लागलं. एका वेळी एक चूक, ती दुरुस्त केली की दुसरी. अप्पा आल्यावर फक्त विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी सांगायचे, त्यांना कळायचं नाही, तरी मान डोलवायचे.

अप्पांचे खाकी शर्ट मी धुते. कपड्यांच्या बाबतीत ते भारी कडक. मळका शर्ट घालून पॅसेंजरसमोर उभं राहायचं नाही, हा त्यांचा नेम. धुण्याआधी खिसे बघायची माझी सवय. एरवी पेनचं टोपण निघायचं, बडीशेप निघायची. त्या दिवशी वरच्या खिशात रबर लावलेली तिकिटाच्या कागदांची घडी निघाली. आठ-नऊ चिठ्ठ्या होत्या.

"खराडी. आता मशीनच प्रोग्राम लिहितं म्हणाला."

"वाघोली. आमच्याकडची माणसं कमी केली म्हणाला."

"शिक्रापूर. कोणतीही शिकली तरी आता उपयोग नाही म्हणाला."

अक्षर तेच, सुबक. माणसं वेगळी, स्टॉप वेगळे, उत्तर तेच. विचारायचं त्यांनी सोडलंच नव्हतं. कुणीतरी वेगळं सांगेल म्हणून ते विचारतच राहिले होते, आणि जे ऐकलं ते खिशात घालून घरी येऊन मला विचारत होते, कुठपर्यंत आलं. सगळ्यात खाली एक चिठ्ठी होती. "खराडी. बाई होत्या. शिकू द्या, पण काही सांगता येत नाही म्हणाल्या." त्यातल्या 'शिकू द्या' या दोनच शब्दांखाली रेघ मारलेली होती. एकदा नव्हे, दोनदा.

मी मोरीतच रडले. मशीनचा राग आला, त्या बॅगवाल्यांचा आला, माझ्या घालवलेल्या चार महिन्यांचा आला. अप्पांचा मात्र काही केल्या येईना. चिठ्ठ्या ओल्या होऊ नयेत म्हणून रबर लावून होत्या तशा परत खिशात ठेवल्या. शर्ट धुवायचा तर त्या पुन्हा बाहेर काढाव्या लागल्या असत्या, ते काही माझ्याच्याने झालं नाही. तसाच खुंटीला अडकवला.

सकाळी अप्पांनी खुंटीवरून तो शर्ट काढला. काखेत घामाची पांढरी रेघ तशीच होती. त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला, चिठ्ठ्यांना लागला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्यात भाकरी भरत होते, ती भरत राहिले.

"आज काय शिकणार?" त्यांनी विचारलं.

"फंक्शन," मी म्हणाले.

"शिक."

आणि तो मळका शर्ट अंगात घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, अप्पा ड्युटीवर गेले.