रिकामं सरण

कायदा मंजूर होण्याआधी त्याचा धूर मोजायचा, हे माझं काम. मसुदा हातात येतो. तो कायदा झाला तर हवेत वायू किती कमी जातील आणि नाही झाला तर किती जात राहतील, असे दोन अंदाज द्यायचे असतात. दुसरा जास्त अवघड. जे अजून घडलेलंच नाही, ते सगळं नेहमीसारखं घडणार असं धरून चालावं लागतं.

या खेपेचा मसुदा अंत्यसंस्कारांचा होता. मोठ्या गावांत गॅसदाहिनी बसवायची आणि लाकडाचं सरण हळूहळू बंद करायचं. नमुन्याला भोकरदन तालुक्यातलं मावशीचं गाव मी मुद्दाम घेतलं. राहायची सोय होती, माणसं ओळखीची होती. मावशी गावातली सगळ्यात म्हातारी बाई, एकटी राहणारी आणि फटकळ.

प्रश्न मी निघतानाच लिहून काढले होते: लाकूड कोणतं, गोवऱ्या किती, बाभूळ तोडल्यावर दुसरी लावतात का. हा शेवटचा फार महत्त्वाचा, कारण झाड परत उगवत असेल तर त्याचा धूर वेगळ्या रकान्यात जातो. सगळ्यांची उत्तरं मिळाली, वजनाचं मात्र मिळेना. या गावात कुणी गेलं की घराघरातून लाकूड येतं. ते कुणी तोलत नाही.

"अंदाजे तरी सांगा," मी शेजारच्या भाऊंना म्हटलं. सरण रचायला गाव त्यांनाच बोलावतं.

"अंदाज हाताला असतो ताई, तोंडाला न्हाई. लाकूड हातात आलं की बराबर कळतं."

मग असं ठरलं की आडतीवरचा वजनकाटा आणायचा, ओंडके तोलत जायचं आणि एका सरणापुरते झाले की भाऊंनी 'बस' म्हणायचं. लाकूड मावशीच्या गोठ्यातलं. ते तिने स्वतःसाठीच तोडून ठेवलेलं होतं. "घेऊन जा. पुरतंय का न्हाई ते तरी कळंल मला," ती म्हणाली. काटा ठेवायला सपाट जागा हवी होती, ती स्मशानाच्या ओट्यावरच मिळाली.

भाऊ आणि आणखी दोघं एकेक ओंडका तोलून बाजूला ठेवत होते. मी काट्यावर नजर ठेवून लिहीत होते. "बस" ऐकून मान वर केली, तर समोर अख्खं सरण उभं. खाली जाड ओंडके, वर बारीक, मध्ये माणसाच्या लांबीची खोलगट जागा. मुद्दाम कुणी रचलं नव्हतं. त्या ओट्यावर लाकूड ठेवायची दुसरी रीत त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हती. तिघंही आपल्याच हातांकडे बघत राहिले.

"मोडून टाका ना," मी म्हटलं.

"रचलेलं सरण मोडत न्हाईत."

"अहो, पण ते रिकामं आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यलो," भाऊ म्हणाले आणि काटा तिथेच सोडून घरी गेले. तिघांनीही डोक्यावरून अंघोळी केल्या.

त्यानंतर गाव मावशीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलं. शेजारीण वाटीभर शिरा घेऊन आली आणि मावशी खात असताना तिचं तोंड निरखत बसली. पारावरच्या एकाने तिच्या पुण्यातल्या लेकाचा फोन नंबर मागितला, "असावा म्हणून." दुकानदाराने विचारलं, "बऱ्या हाव ना काकू?" आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

सुरुवातीला मावशी हसली. "माझं सामान पुढं गेलं, मीच मागं राह्यले!" पण दोनतीन दिवसांतच तिने चांगली लुगडी काढून घड्या घातल्या, आणि ताटावर बसायचं सोडलं. "भूक न्हाई" एवढंच म्हणायची.

मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन येत्या वीस वर्षांचा तक्ता भरत होते. गावात दरवर्षी किती सरणं पेटतील, याचा. ती मागे येऊन उभी राहिली.

"ह्यातलं माझं कोणतं गं?"

"ही कुणाचीच नाहीत मावशी. नुसता अंदाज आहे."

"मंग सारी रिकामीच की." ती वळली. "लाकूड वाट बघून राह्यलंय. त्याला ताटकळत ठेवावं न्हाई."

मी लॅपटॉप मिटला. टेंपो ठरवला. टेंपोवाला सडकेपासून पुढे यायला तयार होईना. भर दुपारी स्मशानाकडे कुणी जात नाही. मी एकटीच गेले. वारा पडलेला. पाखरूसुद्धा नव्हतं. वरची लाकडं उन्हाने तापली होती, ते ठीकच. पण एकेक काढत जसजशी आत गेले तसतशी लाकडं जास्त गरम लागू लागली. मधल्या खोलगट जागेच्या तळाशी हात टेकवेना. कुत्रं झोपलं असेल म्हणून केस शोधले. एकही नव्हता. मी विचार बंद केला आणि ओंडके वाहून नेले.

परसात ते टाकले तेव्हा मावशी तोंड फिरवून बसली होती.

"सरण मोडलं मी. आता हे जळण आहे. तुझ्या अंघोळीला पाणी तापवू दे."

तिने मान वळवून ओंडक्यांकडे बघितलं. मग उठली, एक ओंडका स्वतः उचलला आणि परसातल्या चुलीत घातला. तो सुसू करू लागला. दुसऱ्या टोकाला फेस आला आणि परसभर धूर कोंडला. मावशी खोकत खोकत वाकून बघू लागली.

"अगं, हे तर आतून ओलं हाय! ह्याच्यावर दिवसभर धुमसत पडले असते मी. न्हाई, न्हाई. वाळू दे आधी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीच्या आवाजात हाक आली, "काकू!"

मी ओ देणार होते. मावशीने माझं तोंड दाबलं. पुन्हा हाक आली, "काकू!" तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतंच. आम्ही थांबलो. चूल सुसू करत होती. हंडा तापला.

तिसरी हाक आलीच नाही. मी भिंतीवरून पलीकडे डोकावले. शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. आठवडी बाजारासाठी ती सकाळीच भोकरदनला गेली होती, हे मला तेव्हा आठवलं.

"कुणी हाय का?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मंग माझी अंघोळ होईस्तोवर भाकरी टाक," ती म्हणाली. "दोन टाक."