कडू नसलेलं कारलं

दसरा झाला की आमच्या गल्लीत तीन घरांना एका वस्तूची वाट असते. ती म्हणजे पोस्टानं येणारा बियाण्यांचा कॅटलॉग. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, घरं इतकी खेटून आहेत की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर मुळ्याची जुडी हातोहात देता येते. मधलं घर माझं. खाली माझं शिलाई मशीन आणि वर बाग. डावीकडे राहतात काकू. वय सहासष्ट, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नागपूरला नोकरीला, आठवड्यातून एकदा येतो. घरात त्या आणि सून. उजवीकडे राहतात एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची सगळी नोकरी आर्वी डेपोत झाली. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही. ते मला ताई म्हणतात आणि काकूंना वहिनी.

बियाण्याचं एक पाकीट एका गच्चीला फार होतं, म्हणून आम्ही तिघं मिळून मागवतो. पण खरं सांगायचं तर मागवण्यापेक्षा भांडण्यातच गोडी जास्त. काकूंच्या ओसरीवर कॅटलॉग उघडायचा, भाऊंनी चष्मा लावून वाचायचं, मी हो म्हणायचं आणि काकूंनी प्रत्येक वाणाला नाव ठेवायचं. मधूनच कोणाची सून कशी वागते, कोणाची शुगर किती निघाली, कोणाचा गुडघा कसा आहे, हेही होऊन जायचं. चार वाजता बसलो की दिवेलागणीलाच उठायचो. काकू बोलायला लागल्या की आम्हा दोघांना वाव नसायचा.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं आठ दिवस दडी मारली होती. एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर काकूंच्या गच्चीच्या पन्हाळीतून पाणी धो धो माझ्या अंगणात पडायला लागलं. मी ओरडले, "काकू, नळ चालू राह्यला!"  कठड्यावरून वाकून पाहिलं, तर त्या चवळीच्या वेलाखाली बसलेल्या, पाइप मांडीवर, अंगावरचं लुगडं भिजलेलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि माझ्याकडे पाहत होत्या, काही विचारायचं आहे आणि सापडत नाही अशा नजरेनं.

मी कठडा ओलांडला. साडी नेसून, या वयात, आयुष्यात पहिल्यांदा. कसा ओलांडला ते आजही आठवत नाही. माझ्या हाका ऐकून भाऊ धावत आले. त्यांनी आणि सुनेनं काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. त्यांच्या अंगणात गाडी उभी होती, पण चालवणारा मुलगा नागपूरला. सून महिनाभरापूर्वी गाडी चालवायला शिकली होती आणि तिनं ती ले-आउटच्या बाहेर एकदाही काढली नव्हती. तिनं किल्ली घेतली. 

भाऊ तिच्या शेजारी बसले. "हां बेटा, घे डावीकडे. गाय हाय, हळू. हां, गेली गाय, जाऊ दे. थांबू नको, जाऊ दे." मागच्या सीटवर मी काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. भाऊ नंतर सांगायचे, "पुरी नोकरी डायवरच्या बाजूले काढली, पण रामाचं नाव त्या दिवशीइतकं कधी घेतलं नाई!" पण सुनेनं गाडी नीट नेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अर्धांगाचा झटका सांगितला, पण पहिलं वाक्य म्हटलं ते हेच, की वेळेत आणलंत.

काकूंचा उजवा हात हळूहळू वळायला लागला, पाय पडायला लागला. दीड महिन्यात काकू काठी घेऊन घरात फिरू लागल्या. शब्द मात्र आले नाहीत. समजायचं सगळं, पण तोंडातून एक "हां" सोडला तर काही निघायचं नाही. सुरुवातीला प्रयत्न करायच्या, भलताच आवाज निघाला की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. पुढे प्रयत्नही सोडला. कोणी भेटायला गेलं की भिंतीकडे तोंड. वाचेचा व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. ती चित्रांची कार्डं दाखवायची. चेंडू, सफरचंद, कोंबडी. एकदा माझ्यासमोरच काकूंनी चेंडूचं कार्ड डाव्या हातानं पालथं घातलं. मला इतकं लागलं ते! पानामागची मावा कीड नुसत्या बोटानं चाचपून सांगणारी बाई ही, आणि तिच्यापुढे चेंडू धरायचा?

बागेला मी आणि भाऊ पाणी घालत होतो. सुनेला बागेचं प्रेम नव्हतंच. कुंड्यांमुळे डास होतात ही तिची जुनी तक्रार. पण गच्चीची किल्ली मात्र ती रोज सकाळी न मागता माझ्या हातात देई.

अशात कॅटलॉग आला. भाऊ तो घेऊन माझ्या दारात उभे.

"ताई, औंदा राहू द्या म्हणतो. वहिनीबिगर काय मंगवाचं?"

"त्यांच्याबिगर कोण म्हणते?" मी मशीनवरचा ब्लाउज तसाच टाकला. "चष्मा घ्या अन् चला."

काकू पलंगावर बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. आम्ही दोन खुर्च्या ओढल्या. भाऊंनी कॅटलॉग उघडला आणि नेहमीसारखंच वाचायला लागले. म्हणजे, ते बियाणं वाचत नाहीत, गावं पुकारतात. "पालक! मेथी! चुका! चला, लाल माठ!" मधून मधून आम्ही मुद्दाम घरच्या गोष्टी काढत होतो. भाऊंच्या पुण्याच्या मुलीला सातवा महिना लागला होता. तिला तिखट खावंसं वाटतं, म्हणजे मुलगी होणार की मुलगा, यावर आम्ही वाद घातला. माझी मान अवघडली होती, मशीनवर वाकून वाकून. भाऊ म्हणाले, शुगर वाढली, डॉक्टर रागावले. एरवी यातल्या एकेका वाक्यावर काकूंनी अर्धा तास घेतला असता. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आतून सुनेच्या पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता.

वांग्याच्या पानावर त्यांनी मान थोडी वळवली. मी पाहिलं, पण काही दाखवलं नाही. भाऊंनी पान उलटलं.

"कारली! 'गडद हिरवी, आकर्षक, भरघोस फळे. विशेष म्हणजे कडूपणा अजिबात नाही.' बाप्पा! कारलं हाय, अन् कडू नाई म्हणते!"

"मंग लावाचं कायले?"

मला वाटलं, भाऊच बोलले. भाऊंना वाटलं, मी बोलले. ते मला उत्तर द्यायलाही लागले होते, "हो ना ताई, तेच तर सांगून..." आणि तिथंच थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी पलंगाकडे पाहिलं. काकू आमच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, भुवया चढवलेल्या, कारल्याचा खराखुरा राग आलेला. आपण बोललो हे त्यांना स्वतःलाही अजून कळलं नव्हतं.

स्वयंपाकघरात लाटणं पडलं. सून पिठाच्या हातांनी दारात आली. "कोण बोललं? आई बोलल्या? मी आवाज ओळखला, आईच बोलल्या!" मी नुसती मान हलवत होते.  ती मटकन खाली बसली आणि काकूंच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. भाऊ उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि "बोलली! वहिनी बोलली!" म्हणून खिडकीतून रस्त्याला सांगत होते. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. काकू सुनेच्या केसांवरून डावा हात फिरवत एकदम हसायला लागल्या. हसू अजून थोडं वाकडं होतं, पण दोन महिन्यांनी आलेलं.

मग आमच्याकडून चूक झाली. "आणखी एकदा म्हणा, काकू, एकदाच!" मी म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसता "क... क..." झाला. डोळे भरायला लागले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण भाऊ जन्माचे कंडक्टर. खोळंबलेली गाडी कशी पुढे काढायची ते त्यांना कळतं. ते खुर्चीत बसले, पान उलटलं आणि काहीच न झाल्यासारखं मोठ्यानं पुकारलं, "काकडी!" वाचत राहिले. सहा-सात पानांनी कोथिंबीर आली. काकूंनी चित्रावर बोट ठेवलं आणि अगदी हळू, तुकड्या-तुकड्यानं म्हटलं, "सां... भार." आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. छापलेलं त्यांना पटलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी व्यायामाची ती मुलगी आली तेव्हा आम्ही तिघं एकदमच सांगत सुटलो. ती म्हणाली की पुष्कळदा असंच होतं. विचारून शब्द निघत नाही, पण राग आला, थट्टा केली की आपोआप निसटतो. तिनं कार्डं पिशवीत घातली. "हेच पुस्तक रोज वाचा," म्हणाली.

भाऊंना तेवढंच पाहिजे होतं. ते रोज चारला हजर, आणि रोज नवीन थापा. "लसूण झाडाले लटकते म्हणते!" काकू म्हणायच्या, "खोटं!" "भेंडी कच्ची गोड लागते म्हणते, रसगुल्ल्यासारखी!" "हट!" आठवड्याभरात वीसेक शब्द जमा झाले, आणि बहुतेक सगळे भांडणाचे. सरळ शब्द मात्र दगा द्यायचे. दूध मागायचं असलं की "भेदरं" म्हणायच्या, म्हणजे टमाटे. मला एकदा हाक मारली ती "मुळा!" म्हणून. आम्ही हसलो, त्याही पोट धरून हसल्या. पण रोज हसू येत नाही. एका दुपारी मुलाचं नाव आठवेना म्हणून त्यांनी कॅटलॉग भिरकावला आणि पुढे दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा नागपूरहून आला, पायाशी बसला, आणि काहीही न विचारता कॅटलॉगची फाटलेली पानं चिकटवत राहिला. तो निघाला तेव्हा, पुन्हा ये म्हणून, त्या म्हणाल्या, "येजो." तो फाटकापाशी खूप वेळ उभा होता.

ऑर्डर ठरवायला पंधरा दिवस लागले. माझ्या कापडावर खुणा करायच्या खडूनं काकू डाव्या हातानं चित्रांवर रेघ मारायच्या. शेवटच्या दिवशी मी यादी उतरवून घेत होते तर एका पानावर निळ्या पेनची खूण दिसली. स्ट्रॉबेरी. आमच्यापैकी कोणी केलेली नव्हती. सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, लाल झाली. "सहजच," म्हणाली. "रिकामी कुंडी होती एक."

आम्ही काकूंकडे पाहिलं. वर्ध्याच्या उन्हात स्ट्रॉबेरी! त्यांनी चित्र नीट निरखलं. "जळन," म्हणाल्या, म्हणजे उन्हात जळून जाईल. सुनेचा चेहरा पडला. काकूंनी डोळे मिटून घेतले, शब्द शोधत होत्या, कपाळावर आठ्या. मग म्हणाल्या, "सावली... देजो." सुनेनं ट्रे तसाच खाली ठेवला आणि मला म्हणाली, "लिहा, मावशी, लिहा लवकर!"

पार्सल आलं तेव्हा माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर आम्ही चौघांनी बिया वाटल्या. मुळ्याच्या, पालकाच्या, गाजराच्या बारीक केसाळ. खिडकी बंद, पंखा बंद, कोणी शिंकायचं नाही. भाऊंना नेमकी शिंक आली. ती त्यांनी रुमालात दाबून धरली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. काकूंना इतकं हसू आलं की त्यांच्याच फुंकरीनं गाजराच्या अर्ध्या बिया उडाल्या. त्या बिया आम्ही माझ्या शिलाईच्या चिंध्यांतून संध्याकाळपर्यंत वेचत होतो. स्ट्रॉबेरी उगवली, तीन रोपं. डास होतात हे सुनेनं त्यानंतर कधी म्हटलं नाही. आता किल्ली तिच्या कमरेला असते.

माघात उन्हाळी वेल लावायची वेळ झाली. काकू अजून छोटी छोटी वाक्यं बोलत होत्या आणि ती फक्त घरात, आम्हा ओळखीच्या माणसांत. परका माणूस आला की गप्प. सुनेनं एक दिवस गाडी काढली आणि आम्हाला देवळीच्या बाजाराला नेलं. आता ती हॉर्न वाजवत मजेत चालवते. काकू पुढे बसल्या, भाऊ पहिल्यांदाच मागे.

बाजारात एक बाई गोणपाटावर बियांसाठी वाळवलेले दोडके मांडून बसली होती. काकू काठी टेकत तिच्यापुढे थांबल्या. एक दोडका उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत बिया खुळखुळल्या. मी पुढे होऊन विचारणार, एवढ्यात सुनेनं माझा हात धरला.

"देशी..." काकू म्हणाल्या. थांबल्या. ती बाई वर पाहत होती. "देशी हाये?"

त्या बाईला काय माहीत, या दोन शब्दांमागे काय काय आहे! ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मंग? दुकानातलं वाटलं काय तुले? माह्या सासूपासून चालून राह्यलं हे बी. लावून तं पाह्य!"

काकूंचा चेहरा असा उजळला की मी विसरणार नाही. कोणी सांभाळून घेतलं नव्हतं, हळू बोललं नव्हतं, वाट पाहिली नव्हती. एका बाजारकरणीनं दुसऱ्या बाईला डाफरावं तसं डाफरलं होतं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, गोणपाटाच्या कडेला अलगद बसल्या आणि दुसरा दोडका उचलला.

"वेल... किती जाते? मांडव लागन?"

"लागन नं वं! बस, सांगतो," ती बाई म्हणाली.

आम्ही तिघं पिशव्या घेऊन मागे उभे. सून पदरानं डोळे पुसत होती. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चला," ते हळूच म्हणाले, "आपुन चहा घेऊन येऊ. वहिनीले टाइम लागन."