एका पट्टीत चार साहेब

आमच्या भागात तिला सगळे खांबवाली बाई म्हणतात. खरं तर तिचं काम खांबांपुरतं नाही. मोठा रस्ता रुंद होताना वाटेत येणारी पाण्याची पाइपलाइन, विजेची केबल, टेलिफोनच्या तारा, हे सगळं वेळेत बाजूला सरकवून घ्यायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं आहे. पण जमिनीखालचं कुणाला दिसतं? दिसतो तो खांब. म्हणून खांबवाली.

मी लॉन्ड्री चालवते आणि माझी जीभ इस्त्रीपेक्षा गरम आहे, असं माझा दीर म्हणतो. बाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. दुकानाचं तोंड गल्लीत आणि पाठ मोठ्या रस्त्याला. त्या मागच्या भिंतीवर नुकतीच नोटीस चिकटली होती: लाइनींना जागा अपुरी पडल्यास मागची खोली घेण्यात येईल. मागच्या खोलीत माझी कपडे धुण्याची मशिनं. ती खोली गेली की लॉन्ड्रीच गेली. दवाखान्याच्या ढीगभर चादरी मी काय डोक्यावर धुणार?

"खोली पाडायला आलात ना?" मी विचारलं.

"मोजायला आले. मोजल्याशिवाय कुणी पाडू शकत नाही, तसा नियम आहे."

"नियम तुमच्याकडे आणि नोटिसा आमच्याकडे. छान वाटणी आहे."

ती हसली. मला अशा वेळी हसणारी माणसं अजिबात आवडत नाहीत.

पण ती येत राहिली. भिंतीमागचं काम बघायची आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून जगाला फोन करायची. ऐकून ऐकून मलाही नियम पाठ झाले. ज्याची लाइन त्यानं हलवायची. जागा रस्तेखात्यानं आपल्या हद्दीत द्यायची. आणि नवी लाइन चालू झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. इतकं सरळ असूनही काम पुढे सरकत नव्हतं. पाणीवाले म्हणायचे, आधी वीजवाल्यांना सांगा. वीजवाले म्हणायचे, आधी टेलिफोनवाल्यांना सांगा. टेलिफोनवाले फोनच उचलायचे नाहीत.

हे टेबल तिला काही मान म्हणून मिळालं नव्हतं. कचेरीत ते कुणालाच नको होतं. तिच्या आधीचे साहेब प्रत्येक पत्राला पत्रानं उत्तर देत निवृत्त झाले. हिनं जाड तळाचे बूट घेतले आणि रस्त्यावर उतरली. घरून सासूचा फोन आला की पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू यायचा, "अगं, सगळ्या गावाच्या तारा जोडतेस, आपल्या मोरीतला दिवा कधीचा गेलाय!" त्यावर बाई म्हणायची, "आई, तुमचाही अर्ज घेतलाय." इतकं झाल्यावर मी तिला चहा द्यायला लागले. राग किती दिवस धरणार?

मग एका सकाळी तिनं चारही खात्यांच्या साहेबांना माझ्या भिंतीमागे बोलावलं. तिथे चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. भिंतीला लागून मातीची अरुंद पट्टी, तिच्यापुढे व्हायचा असलेला फुटपाथ आणि मग रस्ता.

"तुमची पाण्याची लाइन कुठून जाणार?" तिनं विचारलं.

"भिंतीलगत," पाण्याचे साहेब नकाशा बघून म्हणाले.

"मग तिथे उभे राहा. आणि वीज?"

वीजवाले साहेब पट्टीकडे बघून जरा चाचरले. "आमचीही भिंतीलगतच."

"या तर मग. टेलिफोन?"

टेलिफोनवाले न बोलताच पोट आत घेऊन शिरले. प्रत्येकानं आपापल्या नकाशात फक्त आपलीच लाइन काढली होती. रस्त्याचे साहेब लांब उभे राहून मजा बघत होते.

"साहेब, तुमचं गटार?" बाईनं विचारलं.

त्यांनी नकाशा उघडला आणि त्यांचं हसू मावळलं. गटारही भिंतीलगत होतं. चौघे साहेब त्या पट्टीत कोपराला कोपर लावून उभे राहिले आणि माझा दीर इस्त्री सोडून धावत आला. "वहिनी, विजेनं पाण्याच्या पायावर पाय दिलाय!"

"म्हणजे जागा पुरत नाही," रस्त्याचे साहेब म्हणाले. "मागची खोली घ्यावीच लागेल."

इतके दिवस चहा पाजून शेवटी हेच, असं मनात आलं.

"घ्या की," बाई शांतपणे म्हणाली. "फक्त तुमच्या हद्दीत जागा उरली नाही, असं सही करून द्या. पण हा फुटपाथ कुणाच्या हद्दीत आहे?"

"आमच्या."

"आणि त्याच्याखाली काय येणार आहे?"

साहेबांनी खाली बघितलं. "काही नाही. माती."

"मग वीज आणि टेलिफोन फुटपाथखाली, मधे अंतर ठेवून. गटार रस्त्याच्या कडेला. भिंतीलगत एकटं पाणी. लाइनी पडल्यावर फरश्या बसवा, म्हणजे पुन्हा उखडायला नकोत."

"आधी मला बाहेर तर येऊ द्या!" रस्त्याचे साहेब म्हणाले.

"आधी हो म्हणा."

सगळ्यात आधी टेलिफोनवाले हसले आणि मग रस्त्याच्या साहेबांनाही आवरेना. "हो, हो! घ्या फुटपाथ!"

मी सगळ्यांदेखत बाईला मिठी मारली. ती इतकी अवघडली की पट्टीतले साहेब बरे म्हणायचे.

पुढे चर खणले गेले, नव्या लाइनी पडल्या. पाणी नव्या लाइनीवर घ्यायचं ठरलं, तेव्हा माझा काही विश्वास बसेना. मी पिंपं, बादल्या, घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवली. पाणी गेलं तर दवाखान्याला काय तोंड दाखवू? मागे मशिनमध्ये चादरी फिरत होत्या आणि मी दारात जीव मुठीत धरून उभी होते. इतक्यात चिखलानं माखलेल्या बुटांनिशी बाई आली आणि स्टुलावर टेकली.

"कधी बदलणार पाणी?" मी विचारलं.

"बदललं की मघाशीच."

मी मागे वळून बघितलं. मशिन फिरतच होतं. एवढं मोठं काम झालं आणि माझ्या चादरींनासुद्धा कळलं नाही. माझे डोळे भरून आले. बाई मात्र चहाची वाट बघत होती. मी सरळ गल्लीत गेले आणि ओरडले, "अहो, बाहेर या सगळे! पाण्याची लाइन बदलली!"

समोरच्या शिंप्यानं डोकं बाहेर काढलं. "त्यात काय एवढं? आमचं पाणी तर गेलंच नाही!"

"म्हणूनच बाहेर या!" मी म्हटलं.