पहिल्याच भावाला तुटलेला सौदा

मी व्हॉल्व्हवाल्या शंकरला फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

राग मात्र खरा होता. कराडात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी एकट्यानं उभा केला. कुणापुढं हात जोडले नाहीत. पण नळाला पाणी नाही म्हणून पालिकेत तीन अर्ज दिले, आणि तिन्ही वेळा एकच उत्तर: पाणीपुरवठ्याचे साहेब मीटिंगला गेलेत. तीन वेळा! मी काय भीक मागत होतो?

चौथ्या दिवशी शंकर व्हॉल्व्हपाशी दिसला. ठेकेदाराचा माणूस, आमच्या भागात पाणी सोडणारा. मी व्हिडिओ चालू करून मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला आणि ओरडलो. तो म्हणाला, "न्हाई सोडत पानी. काय करायचं ती करा." मग हसला. "आवं शेट, पाइप फुटलाय. गटाराचं मिसळतंय. तुमचीच नातवंडं पडत्याल की आजारी!"

त्याचं हसणं आणि पुढचं सगळं मी कापलं. का? रागानं म्हणावं, तर त्याचं ऐकल्यावर राग उतरलाच होता. मग का? — अजून नीट कळत नाही.

पालिकेच्या त्याच साहेबांचं नाव जोडून व्हिडिओ फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं, 'ह्या मुजोराला आजच्या आज कामावरून काढा.' आता, आमच्या धंद्यात पहिला भाव खरा नसतो. मी दुप्पट सांगायचं, समोरच्यानं हसायचं, चहा यायचा, मग कुठंतरी मध्ये सौदा तुटायचा, म्हणजे ठरायचा. पालिकेच्या खिडकीवरही तेच चालतं — निलंबन मागावं, तेव्हा कुठं ताकीद मिळते. मला वाटलं, साहेब त्याला बोलावतील, विचारतील, पाइपही बघतील.

दोन तासांत उत्तर आलं. 'संबंधितास कामावरून कमी केले आहे. धन्यवाद.'

पहिल्याच भावाला सौदा तुटला. धंद्यात असं झालं की मी समजतो, आपलं काहीतरी चुकलं. त्या दिवशीही समजलं. लोक मात्र व्हिडिओला लाइकचे अंगठे देत होते, शाबासकी देत होते.

संध्याकाळी ठेकेदाराच्या दुसऱ्या माणसानं पाणी सोडलं. पिवळसर, वास मारणारं. गल्लीनं त्याचेही फोटो टाकले, माझे आभार मानले. घरात मी कुणाला ते पिऊ दिलं नाही — मला माहीत होतं ना! शेजाऱ्यांना सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर कापलेलंही सांगावं लागलं असतं. समोरच्या काकू आठवडाभर दवाखान्यात होत्या.

शंकर एकदाच आला. दारातूनच म्हणाला, "शेट, फुडचं बी तुमी ऐकलं हुतं न्हवं?" मी फोन आल्याचं सोंग केलं. आता तो सांगलीकडं एका साखर कारखान्यावर हंगामापुरता जातो म्हणे.

पूर्ण व्हिडिओ माझ्याकडं आहे. अजून टाकलेला नाही. उलट लोक तक्रारी घेऊन येतात, "शेट, तुमीच टाका, तुमचं ऐकत्यात," म्हणतात, आणि मला ते आवडतं. हेही लिहून ठेवतो.

खोटं मी केलं. ते कुणाच्या माथी मारत नाही. पण साहेब, माझे तीन अर्ज पडून राहिले आणि कापलेला व्हिडिओ दोन तासांत चालला. त्या दोन तासांत तुमच्यातलं एक तरी माणूस त्या फुटक्या पाइपापाशी आलं होतं का? शंकरला एक फोन तरी केला होता का? सांगा.